सॅन फ्रान्सिस्कोचा नौदल तळ बंद होऊन ५० वर्षं उलटली. तरी तिथली माती ‘स्वच्छ’ का ठरत नाही?

सॅन फ्रान्सिस्को आणि आजूबाजूचा बे एरिया आपल्याला अनोळखी नाही. पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे स्थिरावली आहेत आणि तिथल्या घरभाड्याचे आकडे ऐकून इकडचे नातेवाईक चाट पडतात. जमिनीच्या एकेका तुकड्यासाठी चढाओढ असलेल्या या शहरात, अगदी खाडीच्या काठावर, सुमारे ४२० एकरांचा एक मोक्याचा पट्टा आहे. तिथे हजारो घरं बांधायचा आराखडा मंजूर आहे. बिल्डर ठरलेला आहे. सरकारने साफसफाईवर आतापर्यंत एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला आहे. तरीही यातला बहुतांश भाग आजही कुंपणाआड आहे.

या जागेचं नाव हंटर्स पॉइंट. १९७४ पर्यंत इथे अमेरिकी नौदलाची गोदी होती. जगभरात लष्करी तळ बंद होतात आणि त्या जमिनींवर घरं, विमानतळ, बागा, विद्यापीठं उभी राहतात. अमेरिकेतच १९८८ पासून पाच टप्प्यांत साडेतीनशेहून अधिक लष्करी ठिकाणं बंद करण्यात आली. मग हंटर्स पॉइंटचं घोडं अडलं कुठे? किरणोत्सर्ग हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर मोजमापात आहे. माती स्वच्छ झाली की नाही हे कोण मोजतं, आणि त्या मोजणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, यावर हे प्रकरण अडलं आहे.

हंटर्स पॉइंटला नेमकं काय होतं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या आग्नेय टोकाला खाडीत घुसलेली ही टेकडी आणि तिच्याभोवतीचा भराव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथे खासगी सुकी गोदी होती, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडं करून दुरुस्त करण्याची जागा. दुसऱ्या महायुद्धात उतरण्याच्या तोंडावर अमेरिकी नौदलाने ही जागा विकत घेतली. टेकडीचे उतार फोडून खाडीत भर घातली आणि प्रशांत महासागरातल्या युद्धासाठी जहाजदुरुस्तीचा मोठा तळ उभा केला.

युद्धाच्या शेवटी या तळाचं नाव इतिहासात गेलं. १६ जुलै १९४५ रोजी ‘यूएसएस इंडियानापोलिस’ ही युद्धनौका इथूनच निघाली. तिच्यावर हिरोशिमावर टाकलेल्या अणुबॉम्बचे भाग आणि त्यासाठी लागणारं युरेनियम होतं. मात्र तळाची माती दूषित झाली ती या बॉम्बमुळे नाही. पुढच्या वर्षी झालेल्या चाचण्यांमुळे ती झाली.

जुलै १९४६ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांजवळ ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स’ नावाने दोन अणुचाचण्या केल्या. अणुस्फोटात जहाजांचं काय होतं हे पाहण्यासाठी नव्वदहून अधिक जुनी जहाजं तिथे उभी केली होती. दुसरा स्फोट पाण्याखाली झाला. किरणोत्सारी पाण्याचा प्रचंड लोंढा या जहाजांवर कोसळला. खलाशांनी पाणी, साबण, ब्रश घेऊन डेक घासले, पण किरणोत्सर्ग हटेना. शेवटी यातली अनेक जहाजं स्वच्छ करण्यासाठी आणि अभ्यासासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत, हंटर्स पॉइंटला आणली गेली. ‘यूएसएस इंडिपेंडन्स’ ही विमानवाहू नौका त्यातलीच. काही वर्षं तिच्यावर प्रयोग झाले आणि १९५१ मध्ये ती शहराजवळच्या समुद्रात बुडवण्यात आली.

किरणोत्सर्ग मातीत कसा उतरला?

जहाजं स्वच्छ करायची पद्धत म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून पृष्ठभागाचा थर खरवडून काढणं. जहाजावरचा किरणोत्सर्ग अशा रीतीने वाळूत यायचा आणि ती वाळू तळावरच राहायची. याच काळात नौदलाने इथे किरणोत्सर्गापासून बचावाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभी केली. ती १९६९ पर्यंत चालली. वेगवेगळे किरणोत्सारी पदार्थ तिथे हाताळले जात, प्राण्यांवर प्रयोग होत.

तिसरा स्रोत अगदी साधा वाटेल असा आहे. त्या काळी जहाजांवरची घड्याळं, मोजयंत्रांच्या तबकड्या आणि डेकवरच्या खुणा अंधारात चमकाव्यात म्हणून त्यांना रेडियम मिसळलेला रंग लावत. या वस्तू जुन्या झाल्या की कचऱ्यात जात आणि रंगकामाचं पाणी गटारात. त्यामुळे रेडियम फक्त प्रयोगशाळेच्या इमारतींपुरतं राहिलं नाही. ते सांडपाण्याच्या वाहिन्यांमधून, भरावातून आणि तळाच्या कडेला असलेल्या डम्पिंग ग्राउंडमधून सगळीकडे पसरलं.

या पदार्थांचं आयुष्य पाहिलं तर अडचण लक्षात येते. स्ट्रॉन्शियम-९० आणि सिझियम-१३७ यांची तीव्रता निम्मी व्हायला साधारण ३० वर्षं लागतात. रेडियम-२२६ ला सुमारे १६०० वर्षं, तर प्लुटोनियम-२३९ ला सुमारे २४ हजार वर्षं. म्हणजे काही घटक वाट पाहून कमी होतील, काहींच्या बाबतीत वाट पाहणं हा पर्यायच नाही. त्यात जहाजबांधणीच्या कुठल्याही जागेत सापडणारी इतर घाण आहेच: शिसं आणि अन्य जड धातू, इंधन तेल, रासायनिक द्रावणं, ट्रान्सफॉर्मरमधली पीसीबी रसायनं, ॲसबेस्टॉस.

तळ बंद झाल्यावर काय झालं?

१९७४ मध्ये नौदलाने गोदी बंद केली. परिसरातल्या हजारो लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांनी जागा एका खासगी जहाजदुरुस्ती कंपनीला भाड्याने दिली गेली. या कंपनीने घातक कचरा बेकायदा टाकल्याचं पुढे उघड झालं आणि तिच्यावर खटला चालला. म्हणजे नौदलाच्या प्रदूषणावर आणखी एक थर चढला. ऐंशीच्या दशकात रिकाम्या इमारतींमध्ये स्वस्त भाड्याने चित्रकार-शिल्पकार राहायला आले. आजही तळावरच्या स्टुडिओंमध्ये कलाकारांची मोठी वसाहत आहे.

१९८९ मध्ये हंटर्स पॉइंटचा समावेश ‘सुपरफंड’ यादीत झाला. सुपरफंड हा अमेरिकेचा १९८० चा कायदा. देशातल्या सर्वाधिक दूषित जागांची यादी करायची, आणि ज्याने घाण केली त्याच्याकडूनच ती साफ करून घ्यायची, हे त्याचं सूत्र.

खासगी कारखान्याच्या बाबतीत हे सूत्र सरळ आहे. कंपनी घाण करते, सरकार तिच्या मागे लागतं. पण घाण करणारं सरकारच असेल तर? तेव्हा लष्कराचा संबंधित विभागच सफाईचं नेतृत्व करतो. तपासणी कशी करायची, कुठला उपाय निवडायचा, कंत्राट कोणाला द्यायचं, हे तो विभाग ठरवतो. पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए) आणि राज्याच्या यंत्रणा देखरेख ठेवतात, मंजुरी देतात, हरकत घेतात. पण प्रत्यक्ष मैदानावर खोदणारे आणि मोजणारे हात नौदलाने नेमलेल्या कंत्राटदाराचे असतात. पुढच्या घोटाळ्याची वाट याच रचनेतून गेली.

माती ‘साफ’ करतात म्हणजे काय करतात?

एवढी जमीन एकदम साफ होत नाही. म्हणून तळाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडले. जो भाग स्वच्छ ठरेल तो शहराकडे सोपवायचा, तिथे बांधकाम सुरू करायचं आणि पुढच्या भागाकडे वळायचं. पाण्याखालचा भाग धरला तर एकूण क्षेत्र ८६६ एकर भरतं. त्यातली जमीन निम्म्याहून थोडी कमी.

किरणोत्सर्गासाठीची मुख्य पद्धत अशी. जुन्या सांडपाणी वाहिन्यांच्या मार्गाने चर खणायचे. निघालेली माती पसरून तिच्यावरून मोजयंत्र फिरवायचं. ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचे. मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सर्ग आढळला तर ती माती परवानगी असलेल्या ठिकाणी नेऊन टाकायची, नाहीतर परत चरात भरायची. इमारतींच्या भिंती आणि फरशांचीही अशीच तपासणी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. स्वच्छ माती आणि दूषित माती डोळ्यांना सारखीच दिसते. तेलाने काळी पडलेली जमीन कुणीही ओळखेल. रेडियमचं तसं नाही. म्हणून इथे ‘स्वच्छ जमीन’ याचा व्यवहारातला अर्थ ‘स्वच्छ असल्याची नोंद असलेली जमीन’ एवढाच होतो. नमुना कुठून घेतला, कधी घेतला, कोणाच्या हातून कोणाकडे गेला, या कागदांची साखळी तुटली की जमिनीबद्दल काहीच सांगता येत नाही.

घोटाळा कसा उघड झाला?

किरणोत्सर्गाच्या तपासणीचं मोठं काम ‘टेट्रा टेक ईसी’ या कंपनीकडे होतं. २०१२ च्या सुमारास नौदलाच्या तज्ज्ञांना काही निकाल खटकले. ज्या जागेची माती म्हणून नमुना नोंदवला होता, त्या जागेच्या मातीशी त्याचे गुणधर्म जुळत नव्हते. चौकशी झाली. २०१४ मध्ये कंपनीच्या अहवालात काही नमुने दुसरीकडचे असल्याचं मान्य करण्यात आलं, पण हा प्रकार मोजक्या कर्मचाऱ्यांपुरता असल्याचं सांगितलं गेलं. त्या ठिकाणी पुन्हा नमुने घेतले गेले आणि काम पुढे सरकलं.

पण कंपनीचेच काही माजी कर्मचारी गप्प बसले नाहीत. प्रकार मोजक्या ठिकाणांपुरता नव्हता, असं या जागल्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या आरोपांनुसार, दूषित असण्याची शक्यता असलेल्या जागेऐवजी तळावरच्या स्वच्छ जागेची माती पिशव्यांत भरली जाई, मोजयंत्रं फिरवण्याचा वेग आणि नोंदी यांत फेरफार होई. पर्यावरण क्षेत्रातल्या ‘ग्रीनॲक्शन’ या संघटनेने २०१७ मध्ये हे जबाब अणुनियामक आयोगापुढे ठेवून कंपनीचा परवाना रद्द करण्याची मागणी केली.

त्यानंतर चित्र वेगाने बदललं. कंपनीच्या दोन पर्यवेक्षकांनी नोंदींत खोटेपणा केल्याचा गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये दोघांना प्रत्येकी आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला. नौदलाने सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. ईपीएने स्वतंत्रपणे त्यांची छाननी केली आणि निष्कर्ष नौदलापेक्षाही कडक निघाला: बी भागातले सुमारे ९० टक्के आणि जी भागातले सुमारे ९७ टक्के नमुने विश्वासार्ह नाहीत.

याचा अर्थ ९७ टक्के माती दूषित आहे, असा होत नाही. तिच्याबद्दल काहीच खात्रीने म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे कदाचित काही नसेल, कदाचित असेल. पण ज्या कागदाच्या आधारे ती जमीन लोकांच्या हाती द्यायची, तो कागद निरुपयोगी ठरला. कोट्यवधी डॉलर आणि अनेक वर्षं खर्चून काम पुन्हा जवळपास सुरुवातीला आलं.

मोठ्या प्रमाणावर घोटाळा झाल्याचा आरोप टेट्रा टेकने कायम नाकारला आहे. अमेरिकी सरकारने कंपनीवर दिवाणी दावा लावला. २०२५ मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. एक अब्ज डॉलरहून मोठ्या सफाईत ही रक्कम किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

जिथे लोक आधीच राहायला गेले, त्यांचं काय?

घोटाळा उघड होण्याआधीच एक भाग शहराकडे गेला होता. टेकडीवरचा ‘ए’ भाग मुख्यतः नौदलाच्या निवासी वापरातला. तो सगळ्यात कमी धोक्याचा मानला गेला आणि २००४ च्या अखेरीस हस्तांतरित झाला. ‘लेनार’ या बांधकाम कंपनीने तिथे टेकडी सपाट करायला घेतली. या टेकडीच्या खडकात ॲसबेस्टॉस नैसर्गिकरीत्या असतं. ते खोदताना धुळीवर नीट लक्ष न ठेवल्याबद्दल हवा नियंत्रण यंत्रणेने कंपनीला २००८ मध्ये पाच लाख डॉलरहून अधिक दंड केला. पुढे घरं झाली, लोक राहायला आले. तरुण कुटुंबांनी शहरातल्या इतर भागांपेक्षा परवडतात म्हणून आणि खाडीचा देखावा पाहून ही घरं घेतली.

२०१८ मध्ये घोटाळ्याच्या बातम्या आल्यावर या रहिवाशांनी विचारलं, आमच्या मातीचं काय? तोवर उत्तर होतं की इथे किरणोत्सारी काम झालंच नाही, म्हणून तपासणीची गरज नाही. दबाव वाढल्यावर राज्याच्या आरोग्य विभागाने मोजयंत्रं फिरवली. सप्टेंबर २०१८ मध्ये घरांजवळच्या एका उतारावर, जमिनीखाली सुमारे फूटभर खोल, एक गोल चकती सापडली. जहाजाच्या डेकवर अंधारात वाट दिसावी म्हणून लावायची, रेडियम असलेली खूण. ती काढून नेण्यात आली आणि तिच्यामुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका नव्हता, असं विभागाने सांगितलं.

धोका नसेलही. पण ‘इथे काही नाही’ असं ज्या भागाबद्दल सांगितलं होतं, तिथे काहीतरी सापडलं. अशा वेळी रेडियमच्या मात्रेपेक्षा आधीच्या आश्वासनाची किंमत जास्त मोजली जाते. घरमालकांनी नौदलाचे कंत्राटदार आणि बिल्डर यांच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली.

शेजारच्या वस्तीचा राग कशाचा आहे?

हंटर्स पॉइंटच्या कुंपणाबाहेर बेव्ह्यू ही वस्ती आहे. महायुद्धाच्या काळात गोदीत काम मिळतं म्हणून अमेरिकेच्या दक्षिण भागातून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं इथे आली. शहराच्या इतर भागांत त्यांना घर भाड्याने किंवा विकत मिळत नसे, म्हणून ती इथेच राहिली. गोदी बंद झाल्यावर नोकऱ्या गेल्या, प्रदूषण मात्र राहिलं. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय होते. आज हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि उरलेल्यांपैकी बरेच या भागात राहतात.

वस्तीत दम्याचं प्रमाण शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त आहे. त्याचं कारण एकटा तळ आहे का, हे सिद्ध करणं अवघड. कारण शहराच्या बहुतेक सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प याच भागात आहे. २००६ पर्यंत जुनं वीजनिर्मिती केंद्रही इथे धूर ओकत होतं. शेजारून महामार्ग जातो. शहराला नको असलेलं सगळं एकाच कोपऱ्यात साठलं की कुठल्या आजाराला कोण जबाबदार हे दाखवता येत नाही, आणि मग कुणीच जबाबदार राहत नाही. वस्तीच्या रागाचं मूळ इथे आहे.

अविश्वासाला आधीचे अनुभवही आहेत. ऑगस्ट २००० मध्ये तळाच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली आणि ती जमिनीखाली जवळपास महिनाभर धुमसत राहिली. लोकांना वेळेत आणि नीट माहिती दिली नाही म्हणून नौदलावर सडकून टीका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरात ‘प्रस्ताव पी’वर मतदान झालं. तळाची जमीन कुठल्याही बंधनाशिवाय वापरता येईल इतकी स्वच्छ करूनच द्या, या मागणीच्या बाजूने ८५ टक्क्यांहून अधिक मतदारांनी कौल दिला. हा कौल नौदलावर कायद्याने बंधनकारक नव्हता.

‘सगळं काढा’ की ‘झाकून ठेवा’?

हाच आज वादाचा गाभा आहे. दूषित जमिनीबाबत दोन मार्ग असतात. एक, दूषित माती खणून दुसरीकडे न्यायची. दुसरा, बरीचशी माती आहे तिथेच ठेवून तिच्यावर स्वच्छ मातीचा थर, डांबर किंवा काँक्रीट घालायचं आणि वापरावर कायमची बंधनं लावायची. उदाहरणार्थ, परवानगीशिवाय खोदायचं नाही, जमिनीत थेट भाजीपाला लावायचा नाही, भूजल वापरायचं नाही.

नौदलाने बऱ्याच भागांसाठी पहिल्या मार्गाला दुसऱ्याची जोड दिली आहे. त्याची बाजू अगदीच टाकाऊ नाही. लाखो घनमीटर माती ट्रकांनी नेताना शेजारच्या वस्तीतूनच धूळ आणि धूर जाणार. ती माती शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी गावाजवळ टाकावी लागणार. आणि सगळा भराव उपसायचा म्हटलं तर जमीनच उरणार नाही. स्पर्शच होत नसेल तर धोकाही नाही, हा युक्तिवाद विज्ञानाला धरून आहे.

पण झाकण तेवढंच पक्कं असतं जेवढी त्याची देखभाल. १६०० वर्षांत निम्मा होणाऱ्या पदार्थावर घातलेला थर कोण, किती पिढ्या सांभाळणार? त्यात समुद्राची पातळी वाढते आहे. हंटर्स पॉइंटचा बराच भाग खाडीत टाकलेला भराव आहे. समुद्र वर आला की त्याच्या दाबाने भूजलही वर येतं. म्हणजे पाणी वरून झाकणावर न येता खालून दूषित मातीत शिरू शकतं. जून २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरी ज्युरीने नेमका हाच मुद्दा अहवालात मांडला आणि भूजलाच्या बदलांचा स्वतंत्र अभ्यास करा, अशी शिफारस केली.

सध्या काम कुठे आहे?

२०२० पासून वादग्रस्त भागांत पुन्हा चर खणून, नव्याने नमुने घेऊन तपासणी सुरू झाली. सुरुवात जी भागापासून. नव्या तपासणीत ईपीए आणि राज्याच्या यंत्रणांची देखरेख आधीपेक्षा कडक आहे. ए भागाशिवाय २०१५ मध्ये आणखी काही लहान तुकडे शहराकडे गेले, पण त्यानंतर हस्तांतर थांबलं. २०१० मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात हंटर्स पॉइंट आणि शेजारचं कँडलस्टिक पॉइंट मिळून १० हजारांहून अधिक घरं होती. विकासकाने आता आधी कँडलस्टिकवर लक्ष वळवलं आहे, कारण ती जमीन नौदलाच्या हातात नाही.

विश्वास सावरत असतानाच त्याला पुन्हा धक्का बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी भागात घेतलेल्या हवेच्या एका नमुन्यात प्लुटोनियम-२३९ कारवाईच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. ही माहिती शहराच्या आरोग्य विभागापर्यंत पोहोचायला तब्बल ११ महिने लागले आणि ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ती जाहीर झाली. त्याच नमुन्याच्या फेरतपासणीत प्लुटोनियम आढळलं नाही आणि लोकांना धोका नव्हता, असं नौदलाचं म्हणणं आहे. तरी शहराच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी उशिराबद्दल लेखी नाराजी कळवली. एक निकाल चुकीचा असू शकतो. तो वेळेवर सांगितला असता तर एवढी खळबळ झालीही नसती.

याच शहरात दुसरा तळ मात्र कसा उभा राहिला?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तर टोकाला, गोल्डन गेट पुलाजवळ ‘प्रेसिडिओ’ हा सुमारे १५०० एकरांचा लष्करी तळ होता. १७७६ मध्ये स्पॅनिशांनी वसवलेला. १९९४ मध्ये लष्कराने तो राष्ट्रीय उद्यान विभागाकडे सोपवला. तिथेही जुने कचऱ्याचे ढीग होते, शिशाचा रंग होता, इंधनाने खराब झालेली माती होती.

तिथे एक वेगळी गोष्ट झाली. अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये ‘प्रेसिडिओ ट्रस्ट’ नावाची स्वतंत्र संस्था स्थापन केली. १९९९ मध्ये करार झाला: लष्कराने सुमारे १० कोटी डॉलर द्यायचे आणि सफाई ट्रस्टने स्वतः करून घ्यायची. म्हणजे जिला ती जागा पुढे चालवायची होती, लोकांना भाड्याने द्यायची होती, तीच संस्था साफसफाई पाहत होती. काम वाईट झालं तर नुकसान तिचंच होतं. २०१३ पर्यंत ट्रस्ट सरकारी अनुदानाशिवाय चालू लागला आणि आज प्रेसिडिओ हे शहराचं आवडतं फिरायचं ठिकाण आहे.

ही तुलना अर्थातच सरळ नाही. प्रेसिडिओत अणुजहाजं आली नव्हती. तिथल्या शेजारी श्रीमंत वस्त्या आहेत, त्यांचा आवाज वॉशिंग्टनपर्यंत पोहोचतो. तरी फरकाचा एक भाग रचनेतला आहे. प्रेसिडिओत सफाईचा पैसा घाण करणाऱ्याचा आणि हात त्या जागेत पुढे राहणाऱ्याचे होते. हंटर्स पॉइंटला पैसा, कंत्राट आणि सुरुवातीची तपासणी, तिन्ही घाण करणाऱ्याच्याच साखळीत होतं. कंत्राटदाराला काम लवकर संपवण्यात फायदा, नौदलाला जमीन लवकर सोपवण्यात, शहराला आणि बिल्डरला घरं लवकर बांधण्यात. माती दूषित निघावी असं त्या साखळीत कुणालाच वाटत नव्हतं.

यातून काय लक्षात घ्यायचं?

हा प्रश्न एका तळापुरता नाही. अमेरिकेत ७०० हून अधिक लष्करी ठिकाणी आग विझवण्याच्या फेसातल्या ‘पीएफएएस’ रसायनांची तपासणी करावी लागत आहे. तीही डोळ्यांना न दिसणारी आणि लवकर न विरणारी. तिथेही प्रश्न हाच येणार: पाणी स्वच्छ आहे हे कोण सांगणार?

हंटर्स पॉइंटने दाखवलेली गोष्ट साधी आहे. दूषित जमिनीत सफाईइतकंच मोजमाप महत्त्वाचं, आणि मोजणारा सफाई करणाऱ्यापासून वेगळा हवा. नमुने दुसऱ्या संस्थेनेही घ्यावेत, निकाल वाईट असले तरी लगेच जाहीर करावेत, शेजारच्या वस्तीला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी पैसे मिळावेत, या मागण्या तिथले लोक अनेक वर्षं करत आहेत. त्यांचा खर्च नव्याने चर खणण्याच्या खर्चापुढे किरकोळ ठरला असता.

पुढच्या काळात दोन गोष्टींवर लक्ष ठेवायला हवं. एक, जी आणि बी भागांच्या फेरतपासणीचे निकाल आणि ते ईपीए स्वीकारते का. दोन, झाकून ठेवायच्या भागांचा आराखडा वाढत्या भूजलाचा हिशेब धरून बदलतो का. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठची ही जमीन कुंपणाआडच राहील, आणि कुंपणाशेजारी राहणारे लोक धुळीचा वारा सुटला की खिडक्या लावून घेत राहतील.